नंबर लागला का?

आमच्या लहानपणी दहावीचा निकाल लागला की मोहल्ल्यात टक्के कुणी विचारत नसे. ‘पास हुई ना? बस!’ एवढ्यावर विषय संपायचा. टक्के विचारायची पद्धत नंतर आली आणि ‘नंबर लागला का?’ हा प्रश्न त्याच्याही नंतर. आमच्या घरात मात्र हे तिन्ही प्रश्न एकाच उन्हाळ्यात येऊन थडकले, कारण आम्ही दोघी बहिणी एकाच वर्षी दहावीला बसलो होतो.

थोरलीला नववीत असताना विषमज्वर झाला. तीन महिने अंथरुणावर गेले, वर्षही गेलं. तोवर धाकटी मागून येऊन तिच्याच बाकावर बसली. १९८९ च्या मार्चमध्ये बार्शीच्या एकाच केंद्रावर, पुढे-मागे दोन वर्गांत आम्ही परीक्षा दिली. हे लिहिताना लेखणी एकीच्या हातात आहे. पण सांगणं दोघींचं आहे, म्हणून ‘आम्ही’.

आम्ही पिंजाऱ्याच्या मुली. अब्बा गाद्या, उशा, रजया भरून द्यायचे. पिंजण खांद्यावर टाकून ते सकाळी बाहेर पडत आणि ज्या गल्लीत काम मिळेल तिथे दिवसभर त्या तातीचा टणत्कार चालू राही. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर, मिशीवर कापूस. आमच्या वह्यांतही कापूस असायचा. परीक्षेच्या दिवसांत अम्मी आमच्या पुस्तकांवर चादर घालून ठेवायची. शाळेतल्या मुली आमच्या वेण्यांमधून कापसाचे तंतू काढून हसायच्या. आम्हीही हसायचो, दुसरं काय करणार?

निकालाच्या दिवशी अब्बांनी वर्तमानपत्र विकत आणलं. ते वाचणारं घर आमचं नव्हे. पण त्या दिवशी त्यात नंबर असत. दोघींचे नंबर सापडले. आठवड्याने गुणपत्रिका मिळाल्या. थोरलीला ७८ टक्के, धाकटीला ५७. अब्बांनी दोन्ही कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारलं, ‘इनमें जादा कौनसे?’ आम्ही थोरलीची गुणपत्रिका दाखवली. ते म्हणाले, ‘दूसरीकूबी पास लिख्या है ना?’ लिहिलं होतं. मग पेढे दोघींच्या नावाने आले.

अकरावीच्या प्रवेशाची यादी कॉलेजच्या फळ्यावर लागायची. दोघींनी सायन्सचा अर्ज भरला होता, तो केवळ दोघींना एकत्र जायला मिळावं म्हणून. पहिल्या यादीत थोरलीचं नाव वरच होतं. धाकटीचं पहिल्या यादीत नव्हतं, दुसऱ्यात नव्हतं. यादी साठच्या थोडी वर थांबली होती. धाकटी फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तिला वाटलं, आत कुणीतरी मोठी माणसं बसली आहेत, त्यांनी आपली गुणपत्रिका पाहिली आणि ‘ही मुलगी सायन्सच्या लायकीची नाही’ असं ठरवलं. पुढे कितीतरी वर्षं तिने हा निकाल मनात बाळगला.

आज आम्हांला त्या फळ्याचा अर्थ कळतो. आत कुणी काही ठरवलेलं नसतं. एका तुकडीत जागा किती ते पक्कं असतं. आलेले अर्ज गुणांच्या उतरत्या क्रमाने लावतात आणि जागा संपतात तिथे रेघ मारतात. शेवटची जागा ज्याला मिळाली, त्याचे गुण म्हणजे कट ऑफ. त्या वर्षी साठच्या वरची दहा मुलं गाव सोडून सोलापूरला शिकायला गेली असती, तर ती रेघ खाली सरकली असती आणि तेच ५७ टक्के ‘लायक’ ठरले असते. गुण ही आपली उंची आहे असं आपण समजतो. प्रवेशाच्या वेळी ती रांगेतली जागा असते. आपल्यापुढे किती माणसं आहेत आणि दार किती वेळ उघडं राहणार आहे, ते आपल्या उत्तरपत्रिकेत लिहिलेलं नसतं.

धाकटी आर्ट्सला गेली. आता आम्ही सकाळी एकत्र निघायचो आणि कॉलेजच्या फाटकात वेगळ्या व्हायचो.

दोन वर्षांनी बारावी आली. खरी गोष्ट इथे आहे.

त्या काळी डॉक्टर व्हायचं तर बारावीचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांचे तीनशेपैकी गुण हेच सर्वस्व होतं. राज्याची सीईटी अजून यायची होती, ‘नीट’ तर फार पुढची गोष्ट. मार्चमधल्या काही दिवसांत तीन तास बसून जे लिहिलं, त्यावर आयुष्याची दिशा ठरायची. थोरलीला डॉक्टर व्हायचं होतं. विषमज्वराच्या आजारात ज्या डॉक्टरीणबाई तिला तपासायला येत, त्या आमच्या ओसरीवर बसून अम्मीच्या हातचा चहा पीत. तेवढ्यावरून तिच्या मनाने घेतलं होतं.

१९९१ चा निकाल लागला. भौतिकशास्त्रात ९१, जीवशास्त्रात ९३, रसायनशास्त्रात ७४. रसायनशास्त्र तिचा सगळ्यांत आवडता विषय. पेपर देऊन आली त्या दिवशी तिने एकेक प्रश्न घेऊन गुणांचा हिशेब मांडला होता, तो नव्वदच्या खाली येत नव्हता. धाकटीला आर्ट्सला ६६ टक्के मिळाले. तिच्यासाठी डी.एड.चा विचार चालला होता, कारण डी.एड. केलं की जिल्हा परिषदेत मास्तरकी मिळते, हे मोहल्ल्यालाही ठाऊक झालं होतं.

बोर्डाकडे गुणपडताळणीचा अर्ज करता येतो असं कॉलेजातल्या एका सरांनी थोरलीला सांगितलं. तेव्हा उत्तरपत्रिका पाहायला मिळत नसे. एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, बेरीज चुकली का, एवढंच पाहत. आता उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, पुनर्मूल्यांकन मागता येतं. तेव्हा एक अर्ज, त्याची फी आणि ठरलेली मुदत, इतकाच मार्ग होता. फी काही डोंगराएवढी नव्हती. पण निकाल लागतो तो जून महिना, आणि जून म्हणजे पिंजाऱ्याच्या घरी उपासाचे दिवस. पावसाळ्यात गाद्या कोण भरतं? कापसाला ऊन लागतं. पिंजण भिंतीला टांगलेलं असायचं आणि अब्बा दिवसभर विडी ओढत दारात बसलेले असायचे. त्यात बकरी ईद तोंडावर. वैद्यकीयचा फॉर्म, डी.एड.चा फॉर्म, सोलापूरला जायचं एस.टी.चं भाडं, दाखल्यांच्या नकला, असे खर्च एकाच आठवड्यात येऊन पडले होते.

अम्मीने पानदानाच्या तळाशी ठेवलेले पैसे काढून मोजले. मग ती आमच्याकडे बघत राहिली. थोरली म्हणाली, ‘मेरा पडताळणी-बिडताळणी नको. बढते नै वो मार्कां. छोटीका फारम भर देव.’

धाकटीला वाटलं, आपाला खरंच गरज नाही. तिचे गुण एवढे आहेत, तिचा नंबर लागणारच.

वैद्यकीयची यादी थोरलीच्या सात गुण वर थांबली. शेवटच्या यादीपर्यंत ती थोडी खाली आली. पण तिच्यापर्यंत आली नाही. डी.एड.च्या दुसऱ्या यादीत धाकटीचा नंबर लागला.

सात गुणांनी थोरलीला कॉलेजचं फाटक बंद झालं असं नाही. त्याच कॉलेजात तिने बी.एस्सी.ला नाव घातलं, पुढे चांगल्या गुणांनी पास झाली. शेवटच्या वर्षाला असतानाच लग्न ठरलं, सोलापूरला गेली. दुल्हेभाई भले माणूस. घरात कधी तिला कमी पडलं नाही. पण ती १९९१ ची गुणपत्रिका तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून लग्नाच्या पेटीतून नेली. धाकटी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षिका झाली. पहिला पगार झाला तेव्हा अब्बांनी पिंजण खाली उतरवून पुसलं आणि परत टांगलं. एव्हाना यंत्रं आली होती, पिंजण चालवणारे हात गावात दोन-तीनच उरले होते. कमी गुणांच्या मुलीच्या पगारावर घर उभं राहिलं आणि जास्त गुणांच्या मुलीने त्यासाठी दुवा मागितली. याचा उच्चार आम्ही कधी केला नाही.

हे सगळं पुन्हा वर आलं ते थोरलीच्या मुलीमुळे.

ती २०१९ ला दहावीला होती. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रं या विषयांतले शाळेकडचे २० गुण काढून टाकले होते. सगळे गुण लेखी परीक्षेतच मिळवायचे. आदल्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो त्या वर्षी ७७.१० वर आला. घरोघरी सुतक. इतर बोर्डांच्या मुलांना अंतर्गत गुण आहेत आणि आपल्या मुलांना नाहीत, यावरून आरडाओरडा झाला आणि पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ ला महामारीमुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा तो ९९.९५ टक्क्यांवर गेला. एका वर्षाने मुलं अचानक मठ्ठ झाली नव्हती, पुढच्या वर्षी हुशारही झाली नव्हती. मोजपट्टी बदलली होती.

भाचीला ८४ टक्के मिळाले. वर्गातल्या काही मुलींना तिच्याएवढेच गुण होते. पण त्यांनी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेली असल्यामुळे त्यांना वाढीव गुण मिळाले आणि त्या यादीत वर गेल्या. भाची चित्रं छान काढते. अशा परीक्षेचे गुण दहावीत धरतात, हे मात्र आम्हांला वेळेवर कळलं नाही. आणि आमच्यातली एक पंचवीस वर्षं मास्तरीण! प्राथमिक शाळेत शिकवताना दहावीचे नियम कानावर येतात, पण डोक्यात बसत नाहीत, ही सबब आम्ही एकमेकींना सांगितली. पटली नाही.

दोन वर्षांनी तिची बारावीही परीक्षेविनाच झाली. बारावीचा निकाल लावताना दहावीतल्या चांगल्या तीन विषयांचे ३० टक्के, अकरावीचे ३० आणि बारावीच्या वर्षभराचे ४० टक्के धरले. ज्या दहावीवर सगळ्यांनी पाणी सोडलं होतं, ती पुन्हा मोजायला घेतली गेली. दहावी झाली की तिची गुणपत्रिका कपाटात टाकायची, असं म्हणणाऱ्यांना आम्ही अजूनही हे उदाहरण देतो.

भाचीला आईसारखंच डॉक्टर व्हायचं होतं. पण दरम्यान नियम पालटले होते. २०१७ पासून वैद्यकीयच्या जागा ‘नीट’वर. बारावीचे भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे गुण फक्त उंबरठ्यापुरते, म्हणजे खुल्या वर्गाला ५० टक्के आणि राखीवला ४०. अभियांत्रिकीचंही तसंच झालं. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतं, २०१७ पासून तेही गेलं. थोरलीला सात गुण कमी पडले म्हणून आयुष्य वळलं, आणि तिच्या मुलीचे गुण ६० असोत की ९५, यादीत फरक पडणार नव्हता. फरक पडणार होता तो क्लासच्या फीमुळे, घरात अभ्यासाला एक खोली असण्यामुळे, आणि एका कागदामुळे.

तो कागद म्हणजे जातवैधता प्रमाणपत्र. पिंजारी, नदाफ ही नावं राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. आमच्या लहानपणी हे घरात कुणाला माहीत नव्हतं. शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात सरळ ‘मुसलमान’ लिहिलेलं. लिहिणाऱ्याला वाटलं, एवढं पुरे. अब्बांनाही तेच वाटलं. आता ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, तोही वडिलांकडचा. दुल्हेभाईंच्या वडिलांच्या दाखल्यावर ‘मुसलमान’, आजोबा शाळेतच गेले नव्हते. दुल्हेभाई म्हणाले, ‘इस्लाममें जात नै बोलते, और सरकार बोलती जात दिखाव.’ मशिदीत जे अभिमानाने सांगायचं, ते तहसील कचेरीत अडचणीचं ठरतं. हा गुंता आपल्या पुष्कळ वाचकांच्या घरी सुटायचा राहिला असेल.

मुस्लिमांना शिक्षणात आणि नोकरीत पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश २०१४ च्या जुलैमध्ये निघाला होता. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्यातल्या शिक्षणाच्या भागाला हात लावला नाही. पण अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि डिसेंबरात तो संपला. तेव्हा आम्ही घरी हिशेब केला होता, पाच टक्के म्हणजे शंभरात पाच जागा. तो कागदावरच राहिला.

शेवटी माढा तालुक्यातल्या एका गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, गाव नमुना चौदामध्ये, एक ओळ सापडली. मोडी लिपीत. वाचून देणाऱ्या गृहस्थांनी भिंग फिरवत फिरवत दुल्हेभाईंच्या आजोबांचं नाव वाचलं आणि पुढचा शब्द वाचला, ‘पिंजारी’. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. जो शब्द मुलींच्या हसण्यामुळे आम्ही लहानपणी लपवायचो, तो सापडावा म्हणून आम्ही चार महिने वणवण केली होती.

२०२२ च्या सुरुवातीला भाचीचा आयुर्वेदाला, बी.ए.एम.एस.ला नंबर लागला. कागदपत्रांच्या तपासणीला आम्ही दोघी बरोबर गेलो. टेबलापलीकडच्या माणसाने ‘नीट’चा कागद पाहिला, वैधता प्रमाणपत्र पालथं-उताणं करून पाहिलं. बारावीच्या गुणपत्रिकेवर एक नजर टाकली, यादीत बरोबरची खूण केली आणि कागद बाजूला सारला. दोन सेकंदसुद्धा लागले नसतील. थोरली त्या कागदाकडे बघत राहिली.

त्या रात्री सोलापूरला तिच्या घरी धाकटीने विचारलं, ‘आपा, उस दिन पडताळणी करते तो?’ तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

थोरलीने पेटीतून ती पिशवी काढली. प्लास्टिक पिवळं पडून चिकटलं होतं. तिने ७४ वर बोट ठेवलं. ‘बढते नै थे,’ ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘बढतेबी होंगे. पन तेरा फारम रह गया होता.’

धाकटीला काही बोलता आलं नाही. एका घरातली मुलं परीक्षा वेगवेगळी देतात, गुणपत्रिका वेगवेगळ्या मिळतात; पण फॉर्म एकाच पानदानातून भरले जातात. यादी लावणाऱ्याला ते दिसत नाही आणि दिसायचं कारणही नाही. घरातल्यांना मात्र दिसायला हवं. धाकटीला ते दिसायला तीस वर्षं लागली.

आता आम्ही दरवर्षी जूनमध्ये धाकटीच्या घरी ओसरीवर एक टेबल टाकतो. थोरली सोलापूरहून आठ दिवस येते. मोहल्ल्यातली मुलं निकाल घेऊन येतात. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाला. फळा गेला, मोबाइल आला. रेघ तशीच आहे. दहा पसंती भरता येतात. पोरं एकच नावाजलेलं कॉलेज भरून मोकळी होतात, त्यांना थोरली उरलेल्या ओळी भरायला लावते. मागच्या वर्षीचा कट ऑफ पाहा, पण त्यावर विसंबू नका, असं सांगते. धाकटी सहावी-सातवीतल्या पोरांच्या आयांना पकडून दोन गोष्टी सांगते. चित्रकलेच्या परीक्षेला बसवा, आणि जातीचा कागद आजच काढायला घ्या, बारावीच्या उन्हाळ्यात नको. गुणपडताळणीची, छायाप्रतीची शेवटची तारीख आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतो. ज्याच्याकडे फी नाही त्याची फी थोरली भरते. त्याबाबतीत ती कुणाचं ऐकत नाही.

गेल्या जूनमध्ये एक मुलगी आली, दहावीला ५८ टक्के. मान खाली. तिची आई म्हणाली, ‘इसका कुछ होता क्या, टीचर?’

थोरलीने गुणपत्रिका हातात घेतली, नीट वाचली आणि धाकटीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘इनकू सत्तावन थे.’ मग खुर्ची पुढे ओढून त्या मुलीला म्हणाली, ‘बस इधर. पसंती भरूया.’